उभ्याने खाल्लेलं मोजत नाही

७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून बरी व्हायला सुरुवात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरायला होतं ना, मग लिहीत जा, काय खाल्लं नि कसं वाटलं. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी कापडावर खडूच्या रेघा मारल्यात, बाकी काही लिहिलं नाही. पण आता लिहिणार. रोज. कुणाला दाखवणार नाही.

कोविड जाऊन सात महिने झाले. गेला म्हणजे रिपोर्टातून गेला. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ते शेपूट माझ्या छातीवर बसलंय. जिना चढले की दम. जास्त बोलले की दम. आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं. परवा मला कात्रीला काय म्हणतात ते आठवेना. कात्रीवर जन्म गेला माझा. नवऱ्याला म्हटलं, ते दे, ते दोन पायांचं. त्याने मोजे आणून दिले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात आतून बारीक सूज राहिलीय. बाहेरून दिसत नाही. त्याला तीन गोष्टी करायच्या. पहिली, सूज उतरवणारं खायचं. पालेभाजी, मासे, अक्रोड, फळं, आलं, हळद. साखर, मैदा, तळलेलं कमी. दुसरी आणि तिसरी जिना चढता चढता विसरले. पण पहिलीच महत्त्वाची असणार. उगाच का पहिली सांगतील?

७ फेब्रुवारी. संध्याकाळ.

वन्सं येऊन गेल्या. नवऱ्याची मोठी बहीण. बसने अर्धा दिवस लांब राहतात, बैठं घर, पुढे अंगण. म्हणाल्या, गुंडीला थोडे दिवस माझ्याकडे नेते.

गुंडी म्हणजे माझी मुलगी. डोळे बटणासारखे म्हणून गुंडी. वीस मार्चला चार वर्षांची होईल.

वन्सं म्हणाल्या, तुझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बालवाडीतून येताना पोर पेंगते, तुला उचलवत नाही. मग दोघी जिन्यात बसून राहता तुझा नवरा कामावरून येईपर्यंत. पोरगी घरात कमी नि जिन्यात जास्त वाढतेय. मग म्हणाल्या, तूही चल हवं तर.

हवं तर म्हणजे नको. वरवरचं बोलणं मला कळतं.

मी म्हटलं, तिच्या वाढदिवसाला मी तिला अगदी खालपासून वरपर्यंत कडेवर घेऊन येईन. नाही जमलं तर खुशाल न्या. नवरा म्हणाला, पैजा कसल्या लावतेस? वन्सं नुसतं बरं म्हणाल्या. त्यांचं बरं मला कधी आवडत नाही.

९ फेब्रुवारी.

सकाळी गरम पाण्यात हळद, मिरी. दुपारी उकडलेला पालक. चार वाजता अक्रोड. रात्री मासा.

मासा खरं तर गुंडीने खाल्ला. तिला वाढायचंय, मला उतरायचंय.

हळद पिऊन लगेच बरं वाटलं. नवऱ्याला तसं सांगितलं तर म्हणतो, पी हळद अन् हो गोरी. हसू देत. वीस मार्चला बघू कोण हसतं.

सूज मोजायची कशी, हा प्रश्न होता. तो मी सोडवला. शर्टांच्या कारखान्याचा निळा कोट आहे ना, कामावर घालायचा. मीच माझ्या मापाने शिवलाय, अंगाला चोख बसतो. सूज उतरली की कोट सैल होणार. माणूस खोटं बोलेल, कापड बोलत नाही.

१२ फेब्रुवारी.

नियमात एक सुधारणा. गुंडीच्या ताटलीत उरलेले ब्रेडचे काठ आणि चहात बुडवून अर्धं सोडलेलं बिस्किट, हे टाकायचं कसं? अन्न आहे. ओट्याशी उभ्यानेच खाऊन टाकलं. जेवण म्हणजे बसून केलेलं. उभ्याने खाल्लेलं मोजत नाही.

नंतर दोन बिस्किटं अख्खी. तीही उभ्याने.

१५ फेब्रुवारी.

आजी वर आल्या होत्या. त्यांना जिने चढून दम लागत नाही. वय मी विचारत नाही.

आजी म्हणाल्या, सूज म्हणतेस तर टोमॅटो कशाला खातेस? त्यांच्या भावजयीचे गुडघे टोमॅटोने गेले. टोमॅटो बंद. फोनमध्ये एक दाढीवाला येतो, तो म्हणतो बटाटा, वांगं, दूध, भात, अंडं, सगळ्याने आग होते. आग म्हणजे सूजच. बंद, बंद, बंद. दाढीवाला किती तरतरीत दिसतो. बहुतेक वाराच पीत असेल.

नवरा म्हणाला, उरलं काय मग? मी म्हटलं, पालक. तो म्हणाला, पालकाबद्दल दाढीवाल्याचा व्हिडिओ अजून यायचाय, तोवर खाऊन घे.

त्याला चेष्टा सुचते. मी फक्त डॉक्टरांपेक्षा जास्त काळजी घेतेय. त्या म्हणाल्या होत्या साखर, मैदा कमी. मी बंदच केलं. कमीपेक्षा बंद चांगलं.

१९ फेब्रुवारी.

कोट सैल झाला!

खांद्यावर नाही, पण कमरेत चांगला बोटभर. एवढ्या दिवसांत एवढी सूज! आनंदाने लगेच मशीनवर बसले आणि दोन्ही शिवणी आत घेतल्या. मशीन चालवताना मधे दोनदा डोकं टेकलं मशीनवर. आनंदाने.

आईशी फोनवर बोलले. व्हिडिओ लाव म्हणाली. लावला. बघून म्हणाली, गालफडं कुठे गेली तुझी? मी म्हटलं, आई, ती सूज होती. तिने चष्मा चढवून परत बघितलं. मग म्हणाली, लहानपणापासून होती गं ती सूज.

रेंज नव्हती नीट, ठेवला.

२२ फेब्रुवारी.

कारखान्यात गेले. अर्धा दिवस, नुसतं बघायला की जमतंय का. जमलं.

माझं काम कॉलर लावायचं. बसल्या बसल्या गठ्ठा उचलला, हात आपोआप चालतो, त्याला डोकं लागत नाही. अख्खा गठ्ठा संपवला. शेजारी काजं करणारी बसते, तिने एक शर्ट उचलून बघितला, मग दुसरा, आणि तोंडावर हात ठेवला. सगळ्या कॉलरी उलट्या. आतली बाजू बाहेर.

आमच्याकडे उसवणं ज्याचं त्याने करायचं अशी रीत आहे. पण काजंवाली माझ्या बाजूला येऊन बसली आणि अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढला. उसवता उसवता म्हणाली, हे शर्ट घालून माणूस पाठमोरा चालला असता गं. खूप हसलो. हसता हसता मला दम लागला, तो बराच वेळ थांबला नाही, तेव्हा ती हसायची थांबली.

सुपरवायझर म्हणाले, घरी जा पोरी, तुझी खुर्ची कुणाला देत नाही.

म्हणजे मान आहे मला तिथे. कॉलरींचं म्हणाल तर खिडकीजवळची ट्यूब गेलीय. उजेडच नाही.

२६ फेब्रुवारी.

सराव पाहिजे. नुसतं खाऊन भागणार नाही.

मैद्याची मोठी पिशवी पडून आहे, तसाही बंद आहे मैदा. तिला गुंडीचा लाल स्वेटर घातला, बाह्या माझ्या गळ्यात बांधल्या आणि कडेवर घेतली. पहिल्या मजल्यापर्यंत आले. मग पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.

खालून पोस्टमन आला. त्याने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, झोपलं वाटतं बाळ. मी हो म्हटलं. तो चवड्यांवर वर गेला. भला माणूस.

२८ फेब्रुवारी.

आज गुंडीने बघितलं. आजींकडे बसवून गेले होते, पण ती दार उघडून जिन्यात आली. म्हणाली, आई, पिशवीला घेतेस, मला का नाही घेत?

मी म्हटलं, पिशवीवर शिकतेय, मग तुला घेणार.

तिने विचार केला. म्हणाली, पिशवीला पण खाली उतरवलंस?

मी म्हटलं, हो, थोडा वेळ.

मग तिने पिशवीचा स्वेटर नीट केला आणि तिला थोपटलं. म्हणाली, रडू नको हां, आईला दम लागतो.

३ मार्च.

पिशवी दुसऱ्या मजल्यावर फुटली. म्हणजे मी बसले नि ती खाली गेली. शिवण कच्ची होती तिची. कंपन्या हल्ली टाका मोठा मारतात.

सगळा जिना पांढरा. मीही. आजी दार उघडून म्हणाल्या, अगं बाई, भूत! मग ओळखून म्हणाल्या, खात नव्हतीस तो मैदा अंगाला लागला बघ शेवटी.

झाडलं नवऱ्याने, कामावरून आल्यावर. झाडून झाल्यावर म्हणाला, ताईला फोन करू का? मी म्हटलं, अजून वाढदिवस व्हायचाय.

तसा सराव भरपूर झाला आहे.

८ मार्च.

कोट परत सैल. परत आत घेतला. आता शिवणीत कापड उरलं नाही, यापुढे कापावं लागेल. नवरा म्हणाला, तू कोट बारीक करतेयस की स्वतःला? त्याला शिवणातलं कळत नाही.

गुंडी खूप शहाणी झालीय. हल्ली उचल म्हणतच नाही. बालवाडीतून येताना पेंग आली की स्वतःच डोळे चोळते आणि म्हणते, मी नाही पेंगले. दुपारी मी आडवी झाले की शेजारी बसते, माझ्या छातीवर हात ठेवून. खेळ आहे तिचा काहीतरी. हात वर खाली झाला की म्हणते, चालू आहे.

वन्संचा फोन येतो तेव्हा काय बोलायचं ते तिला शिकवून ठेवलंय. आई छान आहे. आई झोपली होती असं सांगायचं नाही. छान सांगते. एकदाही चुकत नाही.

१४ मार्च.

पालक खाववत नाही. वास येतो. अक्रोड गुंडीला दिले.

उभ्याने: काही नाही. उभंच राहवलं नाही फार.

सूज जाताना असं होतं, दाढीवाला म्हणालाय.

२० मार्च, रविवार.

जिंकले.

आता सगळं नीट लिहिते. वन्सं सकाळीच आल्या. नवरा केक आणायला गेला. मी म्हटलं, वन्सं, तुम्ही वर दारात थांबा, आम्ही मायलेकी खालून येतो. खाली गेलो. गुंडीला नवा झगा घातला होता, मीच शिवलेला. तिला उचलली. किती जड झालीय! छान वाटलं जड लागली ते.

पहिल्या मजल्यापर्यंत कडेवर. तिथे जरा थांबले, कुणीही थांबेल. पुढच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढे काळं आलं, म्हणून भिंतीला टेकले. गुंडीने माझ्या कानात विचारलं, आई, मी उतरू? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मी हळूच चालते, आवाज नाही करत, आत्याला सांगू तू घेतलंस.

मग आम्ही तसंच केलं. थोडंसंच तसं. दुसरा नि तिसरा मजला ती कठड्याला धरून चालली, मी मागून. चौथ्याच्या शेवटच्या पायऱ्यांपाशी तिनेच हात वर केले. घेतली. आणि आम्ही कडेवर दारात!

गुंडी मोठ्याने म्हणाली, आईने मला घेतलं, सगळं सगळं घेतलं!

वन्संनी तिला माझ्याकडून घेतलं. तिचे दोन्ही तळवे काळे झाले होते. वन्संनी आपल्या पदराने पुसले ते, एक एक बोट. मग म्हणाल्या, बरं.

कठड्याची धूळ कुठूनही लागते.

केक बसून खाल्ला नाही. उभ्याने एक तुकडा. वन्सं दुपारच्या बसने गेल्या, गुंडीला न घेता. पैज ती पैज.

२२ मार्च.

झोपून आहे. विश्रांती म्हणून. विजयानंतरची.

२४ मार्च.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

दुपारी स्वयंपाकघरात गुंडीसाठी अंडं उकडायला ठेवलं होतं. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर, डोक्याखाली लाल स्वेटरची घडी. गुंडीने ठेवली होती. ती माझ्या छातीवर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती.

दारावर कोणीतरी धडाधडा मारत होतं. आजी. पडल्याचा आवाज खाली गेला असणार. त्या ओरडत होत्या, काय झालं गं, दार उघड. गुंडी जागची न हलता इथूनच ओरडली, आई छान आहे!

आजी म्हणाल्या, आईला बोलव.

गुंडी म्हणाली, आई छान आहे! आई झोपलेली नाही!

मी शिकवलं होतं तेवढं सगळं तिने बरोबर म्हटलं. एकदाही चुकली नाही.

मला तोंड उघडून हाक मारायला फार वेळ लागला. तेवढा वेळ ती म्हणत होती. भांड्यातलं पाणी आटून अंडं जळायला लागलं होतं, गॅस चालूच होता. मी नसते उठले तर ती तशीच बसली असती. छान आहे, छान आहे म्हणत.

माझी हाक ऐकून गुंडीने दार उघडलं, आजींनी आत येऊन गॅस बंद केला. गुंडीला म्हणाल्या, शहाणी गं माझी ती. मला वाटलं, त्यापेक्षा मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वन्संना फोन मी केला. नवऱ्याने नाही. म्हटलं, न्या.

२७ मार्च.

वन्सं येऊन घेऊन गेल्या. गुंडीचे कपडे मी भरले. लाल स्वेटर धुतला, तरी शिवणीत मैदा आहे अजून.

गुंडीने विचारलं, मी नसल्यावर हात कोण ठेवणार? नवरा म्हणाला, मी ठेवीन. तिने त्याला दाखवलं कुठे ठेवायचा. तो मोठा माणूस, पण त्याला नीट जमेना, तिने दोनदा हात सरकवून दिला.

खालपर्यंत वन्संनी कडेवर नेली. वरून मला फक्त जिन्यातला आवाज येत होता. ती पायऱ्या मोजत होती. तिला दहापर्यंतच येतं, म्हणून परत परत पहिल्यापासून.

मी वाट बघत होते वन्सं म्हणतील, तूही चल. त्या म्हणाल्या नाहीत. एकदा म्हणून झालं होतं त्यांचं.

२ एप्रिल, शनिवार.

डॉक्टरीणबाईंकडे. नवरा बरोबर. त्यांनी आधी वजन केलं, मग माझ्याकडे बघितलं. मी कोटाचं सांगितलं. सूज किती उतरली, दोनदा शिवण आत घ्यावी लागली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, अगं, आतली सूज कोटात दिसत नसते. ही तू उतरलीस.

नवऱ्याने विचारलं, बाई, त्या तीन गोष्टी कोणत्या होत्या?

त्यांनी परत सांगितल्या. सूज कमी करणारं खायचं. पोटभर खायचं. आणि दमायच्या आधी बसायचं.

म्हणाल्या, अंडं खा, भात खा, टोमॅटोने तुझं काय घोडं मारलंय? खाण्याने आजार पळत नाही, शरीराला टेकू मिळतो. मी विचारलं, मग कधी बरी होईन? त्या म्हणाल्या, खोटं कशाला सांगू, माहीत नाही. हळूहळू. मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरला माहीत नाही म्हणताना ऐकलं. घाबरायला हवं होतं. नाही घाबरले. दाढीवाल्याला सगळं माहीत होतं.

वर यायला खूप वेळ लागला. प्रत्येक मजल्यावर बसले. दमायच्या आधी. नवरा शेजारी बसत होता.

संध्याकाळी गुंडीचा फोन. म्हणाली, अंगणात मांजर आहे, आत्या केस ओढून विंचरते. मग म्हणाली, आई, आत्याकडे पायऱ्याच नाहीत. एक पण नाही. इथे तू मला घेऊ शकशील.

मी म्हटलं, हो.

मागे वन्संचा आवाज येत होता, भांडी ठेवत होत्या. तेव्हाच विचारायचं होतं, वन्सं, मी येऊ का? शब्द सापडेना. कात्रीसारखंच. फोन ठेवल्यावर सापडला.

उद्या विचारीन. नक्की.

रात्री: भात, अंडं, पालेभाजी. टेबलाशी बसून. अर्धंच गेलं.

ब्रेडचा काठ एक. तोही बसून.